सुटे पैसे

एसटीत एकतीस वर्षं लोकांना सुटे देत आलो,
स्वतःच्या पोटाचा हिशेब तेवढा राहिला.
कणकवलीला वडा, सावंतवाडीला भजी,
भूक लागलीय का, हे विचारायचं कुणाला?
गाडी थांबली की खायचं, एवढंच.

आता डॉक्टर म्हणतात, चाला.
म्हणून वेंगुर्ल्याच्या बंदरावरून दीपगृहाच्या चढापर्यंत,
रोज पहाटे, रापणीचे दोर ओढणाऱ्यांच्या पाठीमागून.
पहिले पंधरा दिवस मीच मला बक्षीस दिलं:
चढ चढलो, म्हणजे दोन घावणे जास्त.
कुंदा तव्याजवळून नुसती बघायची.

मग एका सकाळी उतरताना
पोटात कोणीतरी हललं.
पटकन ओळखू येईना.
शाळेतून धावत घरी यायचो, तेव्हाची भूक ती.
इतकी वर्षं कुठल्या थांब्यावर
हात करून उभी होती, कोण जाणे.
बेल मीच मारली असणार.

घरी उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी.
सावकाश प्यालो, वाटीचा तळ दिसेपर्यंत.
"घावणे घालू दोन?"
"रवांदे," म्हटलं.

कुंदाने तवा काही उतरवला नाही.