एकवीस दिवसांची गाठ

रबाळ्याच्या शेडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
मी एक दोरा बनवते
जो तुटला पाहिजे.
वेळेवर.

दह्यातल्या आम्लाचा एक मणी, ग्लायकोलिकचे नऊ,
कुठे कुठला ओवायचा
हे कागदावर सोपं असतं.
कथिलाच्या क्षाराचा थेंब पडला, तापमान चढलं,
की मणी आपणहून एकमेकांचा हात धरतात.
पण खाडीवरची हवा झाकणाच्या फटीतून आत शिरली
तर हात सुटतात, साखळी आखूड राहते,
आणि सकाळी भांड्याच्या तळाशी
काकवीसारखं काहीतरी चिकट,
ज्याचा दोरा होत नाही.
असे सोळा घाणे मी फेकले आहेत.

पाण्यापासून जपत बनवायचं
आणि पाण्याच्याच हाती सोपवायचं.
याला आमच्याकडे डिझाइन म्हणतात.

सदतीस अंशांवर, कोमट खारट पाण्यात
नळ्यांमधून दोरे भिजत असतात.
(शरीर म्हणजे थोडक्यात खाडीच.)
दर सोमवारी एकेक काढते,
मशीनच्या दोन जबड्यांत धरते, ओढते.
पडद्यावर रेघ चढते, चढते,
आणि टप्.
वहीत लिहिते: दिवस चौदावा, निम्मं बळ शिल्लक.
एकविसाव्याला पाव उरावं.
पुढचं कातडीने आपलं आपण बघावं.

काचेची भांडी धुणारे हिराजी मढवी
गोठिवलीचे. ही शेड आहे
तिथे त्यांच्या आज्याची खाचरं होती,
हे ते असं सांगतात, जसा कुणी
बसचा नंबर सांगावा.
एकदा माझ्या मागे उभं राहून त्यांनी ती रेघ पाहिली.
"तुटायचाच हाय त येवरी मेहनत कशाला?"
मी म्हटलं, आतली जखम असते, काका.
टाके काढायला पुन्हा पोट उघडावं लागू नये.
ते जरा थांबले.
"आमचा आजा जालं कुजू नये
म्हनून ऐनाच्या सालीत उकलायचा,
दिसभर, लाल पान्यात.
तुमी कुजावं म्हनून उकलता."
आणि बाटलीत ब्रश घालून फिरवत राहिले.

त्या रात्री घणसोलीच्या घरी
मी माझ्या पोटावरची रेघ चाचपली.
नऊ वर्षं झाली.
कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी
या चार इंचांसाठी घाणे फेकले असणार.
आतला दोरा कधी गेला, कळलंच नाही.
दूध उतरत नव्हतं, ताप होता,
भिंतीवरचं कॅलेंडर महिनाभर उलटलं नव्हतं.
तो गेला, जसा जायला हवा तसा:
आधी आम्ल, मग पाणी, मग उच्छ्वास.
म्हणजे पोरीला थोपटता थोपटता
मी तो थोडा थोडा
तिच्या टाळूवर सोडला असेन.

हे अहवालात येत नाही.

अहवालात ससा क्रमांक सहा आहे.
सतराव्या घाण्याचा दोरा त्याच्या पाठीत
सव्विसाव्या दिवशीही तसाच होता,
भोवती लाल कडं, सूज.
पाच दिवस जास्त. कारण सापडलेलं नाही.
जिथे जीभ पोचत नाही
तिथे पोचायला तो रोज मान वळवायचा.
'वर्तन' या रकान्यात मी ते नोंदवलं आहे,
माझ्या अक्षरात, सहीसकट.

उद्या अठरावा.
एक मणी इकडचा तिकडे.
हिराजींनी भांडं धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून ठेवलंय,
इतकं कोरडं की बोट फिरवलं तर
काच करकरते.
झाकणावर खडूने दोन शब्द:
ओल नाय.