सहा काड्या

मी कूलरवाला. फायबरच्या टाक्या, कूलरचे तळ,
बालवाडीच्या घसरगुंड्या, एकदा मंडपातला हत्ती,
जे तडकतं ते माझ्याकडे येतं.
मे महिन्यात बोटीला कोण वेळ देतो?
पण शालिक बावणे स्वतः आला, सायकलवर, डोक्याला दुपट्टा,
म्हणाला, "खुर्ची हालते बे. येऊन पाह्य."

फुटाळ्याच्या काठाला चार टायरांवर ती बसलेली.
कधीकाळी पांढरी, आता पान खाणाऱ्याच्या दातासारखी.
इंजिनवर चवाळं.
चालकाच्या खुर्चीला नुसता हात लावला
तर डोलली,
काही ऐकू येत नसताना हो-हो म्हणणाऱ्या माणसासारखी.

चार स्क्रू. तीन जागीच गरगरतात.
चौथा बोटांनीच वर आला,
ओला, टोकाला काळा भुगा.
चोळला. वास घेतला.
वरची साल ठणठणीत, आत प्लायचा चिखल.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो
टक्, टक्, टक्,
मग थप्.
थप् लागलं तिथं खडूची खूण.
खुणा जोडल्या तर परातीएवढं गोल झालं.

डावीकडची भोकं जास्त फाकलेली.
"डावीकडंच काहून?"
"पोट्टे पाण्यात हात घालतात," शालिक म्हणाला,
"सारखं वळून पाहा लागते."
मग म्हणाला, "जाड स्क्रू टाक. दिवाळीलोक चालते."
मी म्हणालो, "मागच्यानंही असंच काही केलं असन."

वाकवलेल्या खिळ्यानं भोक कोरलं.
भुगा. शेंगाचं फोलपट. गोगलगायीचं रिकामं घर.
आणि काड्या. आगपेटीच्या. सहा.
फेव्हिकॉलात बुडवून कोंबलेल्या,
गुल दातांनी तोडलेलं.

दातांनी तोडायची खोड
या शहरात आणखी कोणाला असेल तर असो.
मला होती.

एकोणीस वर्षं.
तेव्हा बायको मेयोत होती, डबा पोचवायचा होता,
चाळीस रुपये घेतले आणि निघालो.
काड्या मुठीत मिटल्या.
शालिक तळ्याकडे बघत होता,
किंवा तसं दाखवत होता.

गोल कापून काढलं. सडकं सगळं खरवडलं,
कोरडं लाकूड लागेस्तोवर, म्हणजे बरंच.
दोन दिवस तसंच उघडं सोडलं,
इथलं ऊन फुकट असतं, हाडसुद्धा वाळवतं.
पहिला मग रेझिन माझ्या हातातच तापलं,
धूर निघाला, दगड झाला.
शेचाळीस डिग्रीला हार्डनर थेंबांनी मोजावं लागतं,
हे मी पोरांना शिकवतो.

मग पहाटे साडेपाचला.
इतवारीचं मरीन प्लाय, कडा पाजून पाजून भिजवलेल्या.
वर मॅटचे तीन थर, ब्रशनं बुडबुडे टिपत.
भोकं मुद्दाम मोठी पाडली, रेझिननं भरली,
वाळल्यावर त्याच जागी पुन्हा, बारीक.
आता प्रत्येक भोकाला स्वतःची भिंत.
पाणी आलं तरी लाकडाशी बोलणार नाही.
स्क्रू नाहीच. आरपार बोल्ट,
खाली अल्युमिनियमची पट्टी, ताटलीसारखे वॉशर,
आणि तळात हात घालून, गाल फायबरला चिकटवून,
न दिसणारे चार नट.

बोट पाण्यात.
शालिक बसला, एक फेरी मारून आला.
तोंड पाडून.
"हालत नाही."
"हालू नये म्हणूनच तर."
"हाव. पण आता वळलो का
मीच ढिला हाय असं वाटते."

मी सांगितलेल्या पैशातून चाळीस कमी घेतले.
त्यानं उरलेल्या नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
खिशात घातल्या.
"एकोणीस वर्षं टिकल्या काड्या," म्हणाला,
"वाईट नाही."

पलीकडं तिकिटाच्या खिडकीशी दोन पोरं आली होती.
मी ब्रश धुवायला घेतले.
एक वाळून गेला होता. तो टाकला.