छाट

रात्री दहाला माग थांबतो, मग आमच्यात बोलता येतं.
अम्मा सूप मांडीवर घेते, भिंतीला टेकते,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून म्हणते,
"हं. या. बसा. नाव?"

तिला माझं नाव माहीत आहे. तरी मी सांगते,
शैलजा अंबादास येमूल, राहणार भद्रावती पेठ,
आणि ती मान हलवते
जशी पहिल्यांदाच ऐकते आहे.

सोमवारी पतपेढी. तिथं हळू बोलायचं,
व्याजाचं गणित तोंडी.
गुरुवारी होटगी रोडचं हॉस्पिटल, रिसेप्शन.
तिथं कन्नड येतं का विचारतील.
येतं. तेलुगू घरात, कन्नड नळावर, मराठी शाळेत,
हिंदी बाजारात. इंग्रजी
आरशासमोर.
शनिवारी पुण्याची कंपनी, मोबाइलवरच.
त्यासाठी नाना दुपारी माग बंद ठेवणार आहेत,
वीस मिनिटं, जास्त नाही.
पाठीमागं भिंतीला चादर लावायची,
मोरांची नको, म्हणाली विजयाक्का, साधी, पांढरी.
साधी पांढरी चादर
सोलापुरात मला चौथ्या घरी मिळाली.

"स्वतःबद्दल सांगा," अम्मा वहीत बघून वाचते.
वही उलटी आहे. प्रश्न तिला पाठ झालेत.
मी मेहनती, मनमिळाऊ, वेळेची पक्की.
"असं सगळेच म्हणत असतील की."
"मग काय सांगू?"
"मला काय विचारतीस? मी साहेब आहे."

पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?
जबाबदारीच्या पदावर.
"कुठं म्हणाली?" नाना आतून ओरडतात,
मागानं कान नेलेत त्यांचे.
"पदावर!" अम्मा त्याहून मोठ्यानं,
आणि गल्लीतली कुत्री उठतात.

"दोन वर्षं मोकळी दिसतात तुमची."
इथं मी दरवेळी अडते.
बी.कॉम.नंतर अम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन,
तिचं कार्ड बंद पडू नये म्हणून
तिच्या नावावर मी रोज वळलेल्या आठशे विड्या.
वहीत लिहिलंय: घरगुती कारण.
अम्माची बोटं पानावर थांबतात.
"मोकळी कुठं होती," ती म्हणते,
साहेबाच्या आवाजात नाही.

मग शेवटचा. तुम्हाला काही विचारायचंय?
ट्रेनिंगबद्दल विचारावं, असं पुस्तकात आहे.
हसून विचारावं.

ती सूप खाली ठेवते.
"विचार, छाटीचं काय करता.
आमचा चेकर मूठभर उचलून बाजूला टाकतो,
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड उघडं.
पैसे कापतो.
विडी काय परत देत नाही.
तीस वर्षं झाली, ती जाते कुठं
मी विचारलं नाही."

पुण्याच्या साहेबाला हे कसं विचारायचं
मला माहीत नाही. तरी मी वहीत लिहून घेते,
ट्रेनिंगच्या खाली.

"उद्या परत," ती म्हणते. "हजाराला चाळीस कमी आहेत."
मी कात्री घेते, पान भिजलेलंच आहे.
सोमवारी निघताना बोटांना लिंबू चोळायचं,
ते वहीत लिहावं लागत नाही.