वजनाचा दिवस

पोरगं एकच. नाव योतामू.
आंब्याच्या फांदीला टांगलेल्या काट्यात बसून
हवेत पाय झाडतं,
सुई थरथरत सहा किलो दोनशेवर थांबते.

एनिफा लिहिते.
निळ्या वहीत किलोत,
लांबड्या हिरवीत ग्रॅममध्ये.
पिवळीला वजन नकोच, दंडाचा घेर हवा.
चौथीत आईची इयत्ता आणि छपराचा प्रकार.
पाचवी नोंद टॅबलेटवर,
ती संध्याकाळी, टेकडी चढून, रेंज आली तर.

पाचही दाते भले. तिला कुणाबद्दल
वाकडं बोलायचं नाहीये.
पाकिटं खरी, मच्छरदाण्या खऱ्या,
मागच्या फेब्रुवारीत, भुकेच्या महिन्यात,
हाच योतामू रडायचाही थांबला होता
आणि लिनेसने मिळालं ते सगळं
एकाच वाटीत कालवून
बोटाने भरवलं सतरा रात्री.
कुणाच्या पाकिटाने वाचला, ते तिला ठाऊक नाही.
जागरणाला कुठल्याच वहीत रकाना नाही.

जूनमध्ये अहवाल गेले पाच राजधान्यांना.
प्रत्येकात एक मूल वाचलं.
कुणी बेरीज केली असेल
तर मालावीच्या या काठावर
पाच योतामू रांगत असतील,
आणि आमच्या चिकोम्बेत
पोरांपेक्षा वाचलेली पोरं जास्त.

थोको आली तो मंगळवार होता.
सकाळी एका दात्याची पाहणी,
दुपारी दुसऱ्याची, दोन्ही गाड्या पांढऱ्या.
एनिफा वह्या उघडून उभी होती
आणि रांग उन्हात होती.
आजी तिला पाठीला बांधून परत घेऊन गेली,
म्हणाली, गुरुवारी येते.
पाचही ठिकाणी थोकोपुढे
एकच शेरा आहे, अक्षर एनिफाचंच:
पाठपुरावा तुटला.

त्यावर जिल्ह्याला बैठक झाली.
सगळ्यांनी एकमेकांना कार्डं दिली,
कोंबडी-भात झाला,
आणि समन्वयासाठी
आता सहावी वही आली आहे. जांभळी.

योतामूला काट्यातून काढताना
लिनेस विचारते, किती?
सहा दोनशे.
मागच्या वेळेपेक्षा?

मागची वेळ निळीत आहे, की हिरवीत,
की टेकडीवर अडकलेली.
एनिफा पेन दातात धरते,
पोराची मांडी चिमटीत घेऊन बघते.

जास्त, म्हणते. बरीच जास्त.