काटा

ह्या शहरात ज्याचं वजन, त्याची गाडीही वजनदार.
आमचे चेअरमन देवधर
अडीच टन लोखंड सुरू करून
शंभर पावलांवरचं दूध आणायला जातात.

मला हलकी हवी होती.
दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी,
वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर नेता येईल अशी.
"पन्नाशीत?" म्हणाली नणंद,
आणि थालीपीठ उलटलं.

पहिली पाहिली कोरेगाव पार्कात, तळघरात.
तीनशे घोडे, सीटला मालिश, स्टिअरिंगला ऊब.
विकणारा पोरगा परवचा म्हणावा तसा म्हणत होता सगळं.
वजन? मी विचारलं.
"मॅडम, पॉवर एवढी आहे की वजन जाणवतच नाही."
ब्रेकला जाणवतं, म्हटलं. टायरला जाणवतं.
चाकणला एकवीस वर्षं ब्रेकचे कॅलिपर तपासलेत मी.
तापलेल्या लोखंडापुढे थापा चालत नाहीत.

दुसरी निगडीची.
चपळ, स्वस्त, पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतील.
पण पुढून ओढणारी.
वळायचंही त्याच चाकांनी, ओढायचंही त्याच चाकांनी,
घरात एकाच बाईवर टाकतात तसं.
भर वळणात गॅस दिला की ती ऐकेनाशी व्हायची.
तिचं काय चुकलं?

भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींमधून
बापू हातगाडी ओढायचे.
शाळा सुटली की मी मागे.
दांडी त्यांच्या हातात, जोर माझा,
वर सागाच्या फळ्या, दोरीने आवळलेल्या.
कोपरा आला की ते मान न वळवता ओरडायचे:
आत्ता नको...
नको...
हां, आत्ता!
घाई केली की गाडीचं बूड फिरायचं.
एकदा चहावाल्याचं बाकडं नेलं, बरण्यांसकट.
त्या "हां"च्या आधीचा अर्धा श्वास
अजून माझ्या पोटरीत आहे.
ट्रॅकवर शिकवणारा मुलगा त्या जागेला एपेक्स म्हणतो,
तिथे शंकूही ठेवतो, केशरी.
बापूंनी त्याला काही नाव दिलं नव्हतं.

तिसरी वानवडीत,
कैकोबाद इंजिनिअरांच्या गॅरेजात, ताडपत्रीखाली.
जपानी, अठरा वर्षांची, बॉनेटचा रंग उडालेला.
मागच्या सीटवर फक्त पिशवी बसेल,
तीही शहाण्यासारखी बसली तर.
एसी त्यांनी स्वतःच उतरवलेला,
नटबोल्टसकट डब्यात, वर तारीख घालून.
"एक हजार वीस किलो," ते म्हणाले.
"पण माझ्यावर विश्वास नको ठेवू, दिकरी. काट्यावर ने."

नेली. मार्केट यार्डात.
पुढे कांद्याचा ट्रक, मागे गुळाचा टेम्पो, मधे आम्ही.
काट्यावरच्या पोराने खिडकीतून मान काढली.
माल काय?
काही नाही.
मग वजन कशाला?
काही नाही किती भरतं ते बघायला.

तो हसला नाही. चिठ्ठी फाडली.
माल: रिकामी.
वजन: एक हजार तीस.
दहा किलो पेट्रोल असेल टाकीत,
म्हणजे म्हातारा खरं बोलला.

मग मी आत बसले, दार ओढलं,
म्हटलं, पुन्हा कर.
"दुसऱ्या चिठ्ठीचे वेगळे पैसे पडतील."
दिले.
एक हजार शंभर.
मालाच्या रकान्यात त्याने जरा वेळ पेन धरलं,
माझ्याकडे बघितलं
आणि तो रकाना तसाच सोडला.

मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता.

गंज आहे डाव्या दाराखाली, बोटभर.
एप्रिलात मी भाजून निघणार आहे.
कोईमतूरच्या ट्रॅकपर्यंत ती ट्रकवर चढवून न्यावी लागेल,
त्याचा खर्च नणंदेला सांगायचा नाही.
भाव अजून ठरलेला नाही.
किल्ली मात्र
त्या दिवशी परत करायची राहूनच गेली.