प्रश्न क्रमांक नऊ

युनिव्हर्सिटीतली पोरगी कंबर तलावाच्या कट्ट्यावर
फॉर्म घेऊन बसलेली. धाप लागलेल्यांनाच गाठत होती.
चौथी फेरी संपवून मी पदरानं मान पुसत होते,
म्हणाली, अक्का, पाच मिनिटं.

तुम्ही रोज का चालता?
एक ते पाच आकडे. साफ अमान्य ते पूर्ण मान्य.
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आनंद मिळतो म्हणून.
लोक काय म्हणतील म्हणून.

शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतंच.
त्या भीतीवर मी नऊ दिवस चालले.
भीती म्हणजे भिजवलेलं विडीचं पान,
उन्हं आली की वाळतं, वळायला घेतलं की मोडतं.

आनंद? पोरी, लेकाचे जुने बूट, पुढं कागद कोंबलेले,
साडीखाली ती पांढरी होडकी.
पहिल्या दिवशी भिंतीच्या कडेकडेनं गेले,
चोरी केल्यासारखी.

मग मोजायला लागले. मला तेवढंच येतं.
पंचवीस विड्यांची कट्टी, चाळीस कट्ट्यांचं हजार.
आता दिव्याचे खांब मोजते, पंचवीस झाले की एक बोट मिटते.
कारखान्यात माल घेणारा मूठभर विड्या बाजूला फेकायचाच,
खराब म्हणून.
इथं टाकलेलं पाऊल कुणी बाद करत नाही.

अशोक चौकात आता मला चालणारी अक्का म्हणतात.
नाव पडलं की घरात बसायची चोरी.
ह्याला तुझ्या फॉर्मात चौकट आहे का?

प्रश्न नऊ. मध्येच सोडलं होतं का?

सोडलं होतं. मे महिन्यात, अकरा दिवस.
पारा पंचेचाळीसला होता, पण उन्हामुळं नव्हे.
धाकटी जाऊ गेली. एका सुपावर बसायचो आम्ही.
बूट दाराआड, तोंड भिंतीकडं.

बाराव्या दिवशी दुधाला निघाले तर वाटेत इराप्पा,
तलावावर उलटं चालणारा तो रिटायर कंडक्टर,
ज्याच्याशी मी कधी बोललेसुद्धा नव्हते.
म्हणाला, "काल दिसला नाहीत."

काल!
दहा दिवस त्यानं
सुट्ट्या पैशांसारखे माझ्या हातावर परत ठेवले.

पोरगी पेन धरून थांबली. ह्याला आकडा काय देऊ?
रिकामं सोड, म्हटलं. ऊन चढतंय, एक फेरी राहिलीय.
आणि खाली वाकले.
उजव्या बुटातला कागद सरकला होता.