पीळ

दसरा चौकातल्या सरकारी दवाखान्यात
जिन्याला लागून माझी अंधारी खोली.
दाराला पाटी नाही, नुसता पडदा,
आणि पडद्याआड मी, बावीस वर्षं,
लोकांच्या डोळ्यांच्या मागच्या भिंतीचे फोटो काढणारी.

थेंब टाकायचे. वीस मिनिटं थांबायचं.
बाहुली रुंदावली की तिच्या दारातून
उजेड आत सोडायचा.
अंबाबाईच्या देवळात किरणं ठरल्या तारखांना आत जातात,
पायांवरून चेहऱ्यापर्यंत, आणि गाव हात जोडून उभं राहतं.
इथं रोज जातात. दिवसाला तीस केसपेपर.

आत नारिंगी भिंत असते,
तिच्यावर फुटलेल्या नसा, उघड्या.
सबंध शरीरात एवढीच एक जागा
जिथं रक्ताची वाट
चिरल्याशिवाय दिसते.

हुपरीहून आली सन्मती बाबगोंडा चौगुले, वय नऊ.
शाळेनं धाडलेली: फळ्यावरचं दिसत नाही.
नंबर निघाला पाऊण. तिथंच संपायचं खरं तर.
डॉक्टर म्हणाल्या, पडदाही बघून घ्या एकदा.

स्क्रीनवर आलं
आणि माझा हात बटणावरच राहिला.
शिरा जाड. रंग काळ्या द्राक्षाच्या सालीचा.
सरळ एकही नाही.
जरा पुढं, वळून मागं, पुन्हा पुढं,
शिरोळकडं निघालेली पंचगंगा
वरून दिसावी तशी.

बाप माझ्या खांद्यावरून वाकला.
पैंजणांची तार ओढणारा माणूस, बोटं काळी.
"ह्यो तर पीळ," म्हणाला.
"तार लई आन् जागा तेवढीच, की अशी वळती."

मी पोरीची नखं बघितली.
टोकाशी फुगीर, निळसर.
विचारलं, "खेळता खेळता मध्येच उकिडवी बसती का?"
आई हसली.
"बसती की. लंगडीत बसती, शाळेच्या वाटंवर बसती.
आळशी हाय. काका तिला बसकी म्हस म्हणतोय."

आळस नव्हे, बाई.
तिच्या काळजात एक भिंत पुरी व्हायची राहिली,
फुप्फुसाकडची वाटही चिंचोळी.
वापरलेलं रक्त ताज्यात मिसळतं
आणि तसंच अंगभर निघतं.
उकिडवं बसलं की पायांकडची वाट आवळते,
थोडं रक्त फुप्फुसाकडं वळतं, दम परत येतो.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
हवा पुरेना म्हणून शरीर रक्त दाट करत गेलं,
शिरा फुगत गेल्या, लांबत गेल्या,
आणि जागा तेवढीच.

यातलं मी काही बोलले नाही.
माझं काम फोटोचं.
मी डॉक्टरांना हाक मारली फक्त,
आणि ती रोजच्या आवाजात नव्हती
हे आईला कळलं. तिचं हसू
ओठांवर होतं तिथंच थांबलं.

चौदा महिन्यांनी परत आले.
फ्रॉकच्या गळ्यातून डोकावणारी एक रेघ, मधोमध, सरळ.
पायात बापानं केलेले पैंजण.
पडद्याआड बसून मी ते जिन्यावर ऐकत होते:
सतरा पायऱ्या, आणि मध्ये
कुठंच आवाज तुटला नाही.

थेंब. वीस मिनिटं. उजेड.
जांभळं उतरलेलं, शिरा लाल.
वळणं मात्र बरीचशी तिथंच.
सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही,
हे आपल्याकडं हट्टी माणसाला म्हणतात, नाक मुरडून.
मला त्या दिवशी ते तसं वाटलं नाही.

बाबगोंडा बराच वेळ बघत राहिला.
"काम चांगलं हाय," म्हणाला.
कुणाचं, ते बोलला नाही.

सन्मती खुर्चीवरून उतरली, डोळे चोळत.
"ह्ये माझं?"
तुझंच.
"मग नाव लिवा की खाली."
नाव छापलेलं असतंच कोपऱ्यात, बारीक, नंबरासकट.
तरी मी पेन शोधला.